जुळ्यांतली थोरली

माणसाला एकच वय असतं असं समजणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मला तीन आहेत. दुकानात मी बासष्ट वर्षांची, आमच्या इमारतीत एकोणपन्नास, आणि उरलेलं, खरं, चौपन्न. ते सांगायला मात्र मला कुठे जागाच राहिलेली नाही. दुकानात सांगितलं तर धंदा बसेल, इमारतीत सांगितलं तर नाक कापलं जाईल.

इमारतीतलं एकोणपन्नास मी स्वतःहून सांगितलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तळमजल्यावरची शेजारीण म्हणाली, "तुम्ही काय, पंचेचाळिशीच्या असाल." मी नुकती पन्नास पूर्ण केली होती. मी फक्त गप्प राहिले. तेव्हापासून दर वर्षी इमानेइतबारे एकेक वर्ष वाढवत आणलंय, त्यात कधी लबाडी केली नाही.

दुकानातलं बासष्ट मात्र माझ्या अकलेतून निघालं. दुकान मोठं, तीन मजली आहे. आत शिरलं की डाव्या हाताला सुरकुत्यांच्या क्रीमचं काउंटर लागतं आणि त्या काउंटरमागे मी. दिवसभर उभी. स्टूल ठेवत नाहीत, कारण बसलेली बाई थकलेली दिसते आणि थकलेल्या बाईकडून असलं क्रीम कोण घेईल? डबीवर काय लिहिलंय ते मी आजवर धड वाचलेलं नाही. अक्षरं मुंगीएवढी आहेत, त्यांना चष्मा लागतो, आणि चष्मा काउंटरवर चालत नाही.

गिऱ्हाईक बाई डबी उचलते, किंमत बघते आणि हळूच परत ठेवायला लागते. त्या क्षणी मी म्हणायचं, "ओळखा बरं माझं वय." बाई सभ्य असते. मनात काहीही आलं तरी तोंडाने सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस म्हणते. मग मी शांतपणे सांगते, "बासष्ट." तिचे डोळे मोठे होतात. ती पुढे वाकून माझ्या गळ्याकडे बघते, कारण वय गळ्यात लपून बसतं हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. तिथे माझा स्कार्फ असतो. डबी पिशवीत जाते. खोटं आहे, मान्य. पण सगळं जग वय खाली ओढतं, मी बिचारी वर ढकलते, त्यात कोणाचं काय बिघडलं?

यामागे केवढी मेहनत आहे ती कोणी विचारत नाही. दर दुसऱ्या रविवारी केसांना रंग. एखादा रविवार चुकला की भांगात पांढरी रेघ उमटलीच. उन्हात निघायचं नाही. हसताना डोळे बारीक करायचे नाहीत, म्हणजे हसायचंच बेताने. माझा नवरा म्हणतो, "तू हसतेस ते ऐकू येतं, दिसत नाही." आणि ते क्रीम? त्याने माझ्या अंगावर पुरळ उठतं. मी साधं ग्लिसरीन लावते.

एवढं सगळं मी एकटीने निभावून नेलं असतं. पण मी एकटी जन्मले नाही.

मला जुळी बहीण आहे. माझ्यामागून काही मिनिटांनी आली म्हणून ती धाकटी. तेच नाक, तीच रुंद हनुवटी, डाव्या गालावर तीच खळी. लहानपणी आई सोडून कोणाला आमच्यातली कोणती कोण ते सांगता यायचं नाही. ते मला मुळीच आवडायचं नाही, म्हणून मी तिला दामटून 'ताई' म्हणायला लावलं. म्हटलं नाही तर खेळायला घ्यायचे नाही. शाळेत सगळ्या हसायच्या, पण तिला ती सवयच लागून गेली. खिडकीची जागा ताईची, पहिला निवडलेला फ्रॉक ताईचा. उलट आई मला म्हणायची, "मोठी आहेस ना, मग तू समजून घे." दोन-चार मिनिटांच्या मोठेपणावर मी किती समजून घ्यायचं याला काही हिशेबच नव्हता.

धाकटीची रोपवाटिका आहे. सकाळपासून उन्हात असते, हात मातीत, डोक्याला फडकं. रंग मात्र तीही लावायची, मीच लावून द्यायचे. मागच्या वर्षी तो रंग तिला बाधला. टाळू सोलली, कानामागे फोड आले. डॉक्टरांनी रंग बंद करायला सांगितला आणि हिला जणू सुट्टी मिळाली. काही महिन्यांत डोकं कापसासारखं पांढरं.

"सुटले बाई एकदाची!" ती म्हणाली आणि हसली. हसली की तिच्या डोळ्यांभोवती इतक्या रेघा पडतात की मला माझ्याच चेहऱ्याला हात लावून बघावंसं वाटतं.

"तू सुटलीस," मी म्हटलं. "मी अडकले."

तिला त्यात काही कळलं नाही. तिने मला अर्ध्या वाटेत सोडून परस्पर दुसरी वाट धरली होती, आणि तिला विचारलं तर म्हणे केसच तर आहेत. तेव्हापासून मी तिला दुकानाकडे फिरकू देत नव्हते. लांब पडेल, गर्दी असते, गाडी लावायला जागा नाही, रोज नवं काहीतरी सांगायचे.

तरी ती आलीच.

त्या दिवशी काउंटरवर एक बाई होती. चाळिशीची, हातात गाडीची किल्ली, घाईत. मी नुकतंच "बासष्ट" म्हटलं होतं आणि तिचे डोळे अगदी हवे तसे मोठे झाले होते. तेवढ्यात तिच्या पाठीमागून आवाज आला.

"बासष्ट? ताई, अगं चौपन्न ना आपण?"

धाकटी. पायात चिखलाचे बूट, बाह्या दुमडलेला शर्ट, हातात कुंडी, कुंडीत कसलंसं पांढऱ्या फुलांचं रोप. आणि डोक्यावर ते पांढरं रान.

"तुझ्या काउंटरवर काही हिरवं नाही म्हणालीस ना," ती कुंडी पुढे करत म्हणाली. "घे, याला ऊन लागत नाही. तुझ्यासारखंच आहे."

गिऱ्हाईक बाईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. "या कोण?"

मला वाटतं, रोज उठून एकच काम केलं की जीभ आपली आपण चालते. माझी चालली.

"माझी मोठी बहीण," मी म्हटलं. "सत्तरीला आलीय. हल्ली विसरायला लागलीय हो, काहीही बोलते. बघा ना, मलाच ताई म्हणते."

बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने धाकटीच्या दंडावर हात ठेवला आणि बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्या आवाजात म्हणाली, "बसा हं आजी, दमला असाल." मग माझ्याकडे वळून हळूच, "पण चेहरा काय सारखा आहे! आणि फरक बघा केवढा. दोन द्या मला, एक वहिनीला देईन."

धाकटीने कुंडी काउंटरवर ठेवली. सांडलेली माती बाहीने पुसून घेतली. माझ्याकडे बघितलं, पण फार वेळ नाही.

"निघते मी," ती त्या बाईला म्हणाली. "घरचा रस्ता अजून आठवतोय, तोवर गेलेलं बरं."

मी दोन डब्या बांधून दिल्या. माझे हात नीट चालत होते, त्याचाच मला जास्त राग आला.

हे सगळं आमच्या मॅडमनी जिन्यावरून पाहिलं. या मॅडम नव्या आल्या आहेत, तिशीच्या आतल्या. मला 'काकू' म्हणतात. त्यांच्या डोक्यात गेले काही महिने एक यंत्र घुसलंय. आरशासारखं असतं, समोर उभं राहिलं की फोटो काढतं आणि तुमच्या कातडीचं वय सांगतं. त्याला पगार लागत नाही, चहा लागत नाही. ते आणायचं म्हणजे माझ्या जागेवर आणायचं, हे त्यांनी मला गोड आवाजात दोनदा ऐकवलं होतं.

"काकू!" त्या धावतच खाली आल्या. "त्या तुमच्या मोठ्या बहीण? काय सेम टू सेम हो! मला एक सुचलंय. आपण सांगू की तुम्ही जुळ्या आहात."

मी उगाच कुंडी बाजूला सरकवली.

"एक क्रीम लावते, एक लावत नाही. दोघींना शेजारी शेजारी बसवू. शनिवारी, माईक लावून. वय तेच सांगायचं, बासष्ट. लोक वेडे होतील."

"पण मॅडम, असं खोटं..."

"काकू, तुम्ही?" त्या हसायला लागल्या. "तुम्ही मला हे सांगताय?"

आयुष्यात एक गोष्ट खरी होती, ती या बाईला खोटी म्हणून सुचली होती, आणि मला ते सांगायची सोय नव्हती. जुळी आहे म्हणावं तर 'मग सत्तर कशी' हा प्रश्न आला. मी मान डोलावली. शनिवार जमला तर यंत्राचं पुढच्या वर्षी बघू, असं त्या म्हणाल्या.

धाकटीला फोन केला. उचलला नाही. परत केला. संध्याकाळी कधीतरी उचलला. जन्मभर तिचा फोन "बोल ताई" असा सुरू होतो. या वेळी ती म्हणाली, "हं, बोल." मी म्हटलं, येतेय मी. ती म्हणाली, ये.

ती रोपांना पाणी घालत होती. मी बाकावर बसले, तिने पाइप खाली ठेवला नाही.

"सत्तर?" ती म्हणाली. "अगं, पासष्ट म्हणाली असतीस तरी भागलं असतं की."

"तोंडातून निघून गेलं."

"आणि विसरते? तेही निघून गेलं?"

"धंद्याचा प्रश्न होता गं. ती बाई डबी ठेवून चालली होती."

"तिने मला आजी म्हटलं ते चालेल. तिला काय माहीत? पण मी ताई म्हणते म्हणजे माझं डोकं फिरलंय?" तिने पाइप दुसऱ्या वाफ्याकडे वळवला. "तूच शिकवलंस ना ते? म्हटलं नाही की खेळायला घ्यायची नाहीस."

मला खरं तर माफी मागायची होती. तीच मागायला आले होते, वाटेत दोनदा म्हणूनही बघितली होती. पण तिचं ते पांढरं डोकं समोर हलत होतं आणि माझा ताबा सुटला.

"तुला काय जातंय बोलायला?" मी म्हटलं. "तुझी झाडं तुला वय विचारत नाहीत. मी दिवसभर दिव्याखाली उभी असते, लोक माझ्या तोंडाकडे भाजी निवडावी तसे बघतात. इतकी वर्षं मी कसंबसं धरून ठेवलं आणि तू एका दमात सोडून दिलंस. तुला बघितलं की लोकांना माझं वय कळतं! मला एकदा तरी विचारलंस?"

"केस माझे आहेत."

"चेहरा दोघींचा आहे!"

"मग मी काय करू? तोंड झाकून फिरू?" ती आणखी काही म्हणणार होती, पण मध्येच थांबली. वाक्याच्या शेवटी कोणता शब्द येणार होता आणि तिने कोणता गिळला, हे मला बरोबर कळलं. मग तिने नळ बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि सत्तरीच्या बहिणीला अगंतुगं काय करतेस? ताई म्हण मला."

मी तोंड उघडलं. म्हणायला काय लागतं? एक शब्द. पण चौपन्न वर्षं तो शब्द माझ्याकडे येत होता. तो असा उलटा निघेना.

"बघ," ती म्हणाली. "तुलाही जमत नाही."

मग मी तिला शनिवारचं सांगितलं. यंत्राचंही सांगितलं. ती चिडेल, हाकलून देईल असं वाटलं होतं. ती ओले हात शर्टाला पुसत राहिली.

"येईन," ती म्हणाली. "तुझ्या क्रीमसाठी नाही. चार लोकांसमोर तू मला तुझी कोण म्हणतेस ते बघायला येईन."

शनिवारी काउंटरसमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. इतक्या वर्षांत मला त्या जागी पहिल्यांदाच बसायला मिळत होतं आणि मला बसवत नव्हतं. मागे फलक होता: 'जुळ्या बहिणी, फरक एका डबीचा!' मॅडमनी मला जास्तीचा दिवा दिला होता. धाकटीवरचा दिवा मुद्दाम वरून सोडला होता, म्हणजे रेघा नीट दिसतील. ती वेळेवर आली. धुतलेले कपडे, केस नीट विंचरलेले. खुर्चीत बसली आणि माझ्याकडे न बघता लोकांकडे बघायला लागली.

गर्दी झाली. माझी नेहमीची गिऱ्हाइकं होती, ज्यांना मी बासष्टची म्हणून पाठ होते. दोन डब्या नेणारी बाई वहिनीला घेऊन आली होती. आणि तिच्या मागे, पिशवी छातीशी धरून, तळमजल्यावरची आमची शेजारीण. हिला इथे कोणी बोलावलं, देव जाणे. मी तिच्याकडे बघून हसले, डोळे बारीक न करता.

मॅडमनी क्रीमचं बरंच कौतुक केलं आणि माईक धाकटीसमोर धरला. "आजी, सांगा बरं सगळ्यांना, तुमचं वय किती?"

"सत्तर," धाकटी म्हणाली.

मॅडमचा हात थांबला. ठरलं होतं बासष्ट. पण लोकांचं लक्ष मॅडमकडे नव्हतंच. जुळ्या म्हटल्यावर एक सत्तरची तर दुसरीही सत्तरची, हा हिशेब सगळ्यांनी एकदमच केला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "अगंबाई, सत्तर!" कोणीतरी म्हणालं. पुढच्या बाईने हात लांबवून डबी उचलली, तिच्या शेजारणीने दोन. आमची शेजारीण तोंडाचा आ करून उभी होती. मॅडम हुशार, लगेच सावरल्या. "ऐकलंत ना? सत्तर!"

"म्हणजे हिने सांगितलंय सत्तर," धाकटी म्हणाली. माईक तिने आता स्वतःच्या हातात घेतला होता. "मला काही आठवत नाही म्हणे. माझं वय काय आणि मी हिची कोण, ते हिलाच विचारा."

तिने माईक माझ्या मांडीवर ठेवला.

समोर सगळे होते. बासष्टवाले, एकोणपन्नासवाली आणि आता हे सत्तरवाले. कोणतंही एक म्हटलं असतं तरी निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. धाकटी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. लहानपणी मी खाऊचे दोन भाग करायचे तेव्हा ती तशी बघायची, कुठला भाग तिच्या वाट्याला येतोय ते.

"चौपन्न," मी म्हटलं. आवाज माईकमधून माझ्याच कानावर आला, भलताच मोठा. "दोघीही चौपन्न. आम्ही जुळ्याच आहोत, खऱ्याखुऱ्या. मी थोरली, चार मिनिटांनी. ही माझी धाकटी बहीण. ही काहीही विसरत नाही. परवा मीच खोटं बोलले. आणि मी क्रीम लावत नाही, मला त्याचं पुरळ येतं."

एवढं बोलल्यावर काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. कोणी ओरडेल, कोणी हळहळेल, निदान कोणी 'शी' म्हणेल. पुढच्या बाईने मान तिरकी करून मला नीट न्याहाळलं.

"चौपन्न ना?" ती बाजूच्या बाईला म्हणाली. "हो गं, वाटतात तेवढ्याच."

आणि डबी परत ठेवली.

वाटतात तेवढ्याच! ते सगळे रविवार, तो स्कार्फ, ते न हसणं, उन्हाळ्यातल्या त्या बंद खिडक्या, हे सगळं करून मी बरोब्बर चौपन्नची दिसत होते. मला ओरडून त्या बाईला परत बोलवावंसं वाटलं. पण ती सतरंज्यांच्या विभागाकडे निघूनही गेली होती.

गर्दी पांगली. आमची शेजारीण जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. मी तरी कुठे बावन्नची आहे?" मग ती पण गेली. मॅडमनी फलक उतरवायला सांगितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काकू, सोमवारी वर येऊन भेटा." भेटून काय होणार ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी माझी पिशवी घेतली, तिच्यातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि काउंटरवरची कुंडी उचलली. रोपाला दोन नव्या कळ्या आल्या होत्या, त्या मला चष्म्याशिवाय दिसल्याच नव्हत्या.

धाकटी पुढे चालत होती. मी मागून तिच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत चालले होते आणि मनात म्हणत होते, आता तरी बोल, नोकरी गेली माझी, आणखी काय हवंय तुला? मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती. दारापाशी पोचलो तर ते अडलेलं. एक हमाल हातगाडीवर उंच खोका घेऊन आत येत होता. खोक्यावर आरशाचं चित्र होतं आणि आरशात एका बाईचा चेहरा. म्हणजे यंत्र आधीच मागवलेलं होतं. शनिवार जमला असता, नसता, ते आजच येणार होतं. मला इतका संताप आला की मी दाराच्या मधोमध तशीच उभी राहिले. धाकटीही थांबली.

"आजी, जरा सरका," हमाल म्हणाला.

आम्ही दोघीही जागच्या हललो नाही. तो दुसरीला म्हणतोय, अशी दोघींची खात्री होती.

"ओ आजी! सरका की!"

धाकटीने वळून माझा दंड धरला. डोळ्यांभोवती सगळ्या रेघा उमटल्या होत्या.

"ताई," ती म्हणाली, "तुला म्हणतोय तो."

मी सरकले.